उंबराला टांगलेली नळी

मेदूला, १४ जानेवारी

माझी वापॉ,

खालच्या शाळेचे आरी मास्तर मंगळवारी घाट चढून आले. मोटारसायकल अजून फुरफुरत होती, हेल्मेट डोक्यावरच होतं, आणि तसंच म्हणाले, देमूआजी, वापॉचा फोन होता, एप्रिलात तू पणजी होणार. मी तेव्हा डुकरासाठी केळीचा बुंधा चिरत होते. कोयता तिथेच टाकला. डुकरानं सगळी टोपली एका दमात संपवली. खाऊ दे मेल्याला, त्याचाही सण.

सांगायचं कुणाला, तर नॉपेकडे गेले. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून उजवीकडे बसून सांगितलं. ती म्हणाली, हे तू गेल्या वर्षीच सांगितलंस की. तिच्या डोक्यात कुणाचं बाळंतपण चालू होतं कुणास ठाऊक. मग सॉकेच्या घरी गेले, तर तो शेतावर. बाकी घरांना बाहेरून कड्या. तू होतीस तेव्हा बावीस चुली होत्या, आता धूर निघतो सहा घरांतून. माणसं नऊ. वयानं सगळ्यांत धाकटी सॉकेची बायको, चौसष्टची, मग मी.

बातमी पोटात मावेना, म्हणून झऱ्यावरच्या रानात गेले. तिथे मात्र गर्दी. एकेका झाडापाशी थांबून सांगितलं. तुझ्या आजोबांच्या जांभळाला, नॉपेच्या थोरल्याच्या कोशिंबाला. तुझ्या उंबराला शेवटी. तू जन्मलीस तेव्हा तुझी नाळ घालून टांगलेली बांबूची नळी कधीच कुजून गळली, पण आजोबांनी वेलानं आवळली होती तिथे खोडाला अजून वळ आहे, बाळाच्या मनगटाला असतो तसा. त्या वळावर हात ठेवून सांगितलं, बाई, तुला पोर होतंय.

आता काम ऐक, ते विसरायला नको. नाळ आठ-दहा दिवसांनी सुकून गळेल. टाकू नकोस. सुती फडक्यात गुंडाळ, डबीत घाल आणि पोस्टानं मास्तरांच्या शाळेच्या पत्त्यावर धाड. घाई आहे. पूर्वेच्या डोंगरावर सगळा मका झाला हे तुला ठाऊक आहे. तिकडचा ओहोळ पावसात लाल होतो आणि मार्चात मरतो. आता बियाणांचा दलाल आपल्या उतारासाठी आलाय. झऱ्यावरची एक्केचाळीस झाडं माणसांची, म्हणून आजवर कुऱ्हाड लागली नाही. पण शहरात गेलेली माणसं एकेक करून निरोप धाडतात की माझी नळी उतरवा, झाड मोकळं करा. एकोणतीस उतरली. तुझ्या बापाचाही निरोप आला. त्याचा रानफणस मी मोकळा केला. मीच केला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

उरली बारा. त्यांतला एक तुझा उंबर, बाकीची आम्हा म्हाताऱ्यांची आणि वारलेल्यांची. सॉके गावचा प्रमुख, त्याला वाईट वाटतं, पण तो म्हणतो, अकरा वर्षांत या गावात एक नाळ गळली नाही, रान राखायचं कुणासाठी? तरी एवढं ठरलंय, पेरणीच्या आधी, मेच्या बैठकीपर्यंत, एका तरी नव्या बाळाची नळी वर चढली तर ते बाळ जगेल तोवर उतार राखायचा. नाही तर पुढच्या जानेवारीत तोड. म्हणून म्हणते, तुझं बाळ वेळेवर निघालंय.

झऱ्यात आजोबांनी खाचा पाडून रोवलेला बांबू अजून उभा आहे. आज पाणी पाचव्या खाचेला.

माझ्या ओळी उताराला लागतात. मास्तर म्हणतात, डोंगरावर राहिल्यावर असंच व्हायचं.

तुझी आजी देमू

---

महाचाय, ९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

पत्र मिळालं. माझं बरं चाललंय. कारखान्यात मला आता कोळंबी सोलायला उभं करत नाहीत, माकूळ सुकवायच्या विभागात बसून काम दिलंय. माकूळ आठवतं का, आजोबांनी एकदा जत्रेतून काडीला लावून भाजलेलं आणलं होतं, समुद्रातलं, दहा पायांचं, आणि तू ते कोळी समजून कोंबड्यांपुढे टाकलं होतंस. इथे ते दोऱ्यांवर वाळत घातलेलं असतं, कपड्यांसारखं. वास केसांतून जात नाही.

खोलीला खिडकी आहे, पण ती दुसऱ्या खिडकीसमोर उघडते. त्या बाई बर्मी आहेत. आम्ही एकमेकींची भाषा बोलत नाही, पण वाळत घातलेले कपडे काढायची वेळ झाली की त्या काचेवर टकटक करतात.

प्रासित बरा आहे. कामात असतो. नाळेचं लक्षात ठेवीन.

गावात माझ्या वयाचं कुणीच नाही का उरलं? सहज विचारलं.

तुझी वापॉ

---

मेदूला, १७ मार्च

माझी वापॉ,

मी ते कोळी समजले नव्हते. मला वाटलं तुझ्या आजोबांनी थट्टा केली. आणि कोंबड्यांनीसुद्धा ते खाल्लं नव्हतं, एवढं लक्षात ठेव.

आठवडाभर जाळरेषा काढत होतो. पूर्वी चाळीस माणसं दोन दिवसांत झऱ्याच्या रानाभोवती चार पावलं रुंद पट्टा झाडून काढत, पान ठेवत नसत. यंदा आम्ही नऊ. खरं म्हणजे सात, कारण नॉपे झाडते ते परत त्याच जागी ढकलते, आणि तिला हाताला धरून वळवायला एक माणूस लागतं. सॉके मला म्हणाला, देमू, पणजी होणाऱ्या बाईनं वाकू नये. मी म्हटलं, तू पणजोबा होणार नाहीस याचा राग माझ्यावर काढू नकोस. तो खूप हसला, मग खोकला, मग आम्हाला सगळ्यांनाच खाली बसावं लागलं.

खालच्या अंगाला मक्याची ताटं जाळलीत. आठ दिवस सूर्य तांब्याच्या परातीएवढा आणि तसाच मळका. आग आमच्या पट्ट्यापर्यंत आली आणि पट्ट्यापाशी विझली. मी झाडूवर हात ठेवून उभी राहून बघितली. राख मात्र झऱ्यावर पडते. ती मी सुपानं काढते. पाणी तिसऱ्या खाचेला. पूर्वेच्या ओहोळात दगड मोजता येतात.

दलाल परवा पुन्हा आला. बियाणाच्या पिशव्या, निळ्या रंगात रंगवलेले दाणे, तोंडावर हसू. मला विचारतो, मावशी, किती झाडं राहिली तुमची? मी म्हटलं, एक यायचंय.

प्रासित जावईबापूंना सांग, नळी बापानं बांधायची असते. दमेनात का, इथवर यायला काय झालं. मी जागा बघून ठेवलीये. तुझ्या उंबराच्याच मुळाला फुटलेला कोंब आहे, आता माझ्या मांडीएवढा जाड झालाय. त्याला फळं धरतात, पाखरं येतात. फळाचं झाड हवं, म्हणजे पोर उपाशी राहत नाही. बाळाचा पांढरा अंगरखा मागावर चढवलाय. मुलगा की मुलगी ते माहीत नाही, म्हणून काठाचं काम मागे ठेवलंय.

तुझ्या वयाचं? गावात तुझ्या वयाचा तुझा उंबर आहे. आणखी सांगायचं तर मास्तर, पण ते टपाल देऊन खाली जातात.

आजी

---

महाचाय, २६ एप्रिल

प्रिय आजी,

मुलगी झाली. एप्रिलच्या तेरा तारखेला, इथल्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, सगळं शहर एकमेकांवर पाणी उडवत होतं तेव्हा. दवाखान्याच्या खिडकीवरही उडत होतं. वजन तीन किलोला थोडं कमी. डोळे तुझ्यासारखे, बारीक आणि हसल्यासारखे. नाव मूपॉ ठेवलंय. दवाखान्यातल्या बाईंनी थाई नाव विचारलं, मी म्हटलं आपल्या डोंगरातलं हेच.

डबीत नाळ आहे. नीट सुकली आहे. कृपा करून उघडू नकोस, हवा लागली तर भुकटी होईल. तशीच फडक्यासकट नळीत घाल आणि बैठकीच्या आधी बांध.

प्रासितला रजा नाही.

वापॉ

---

मेदूला, १२ मे

माझी वापॉ, माझी मूपॉ,

बांधली. बैठकीच्या तीन दिवस आधी.

डबी मास्तरांनी आणली तेव्हा मागून दोन कुत्री आली. मास्तर म्हणाले, घाटापासून मागे आहेत. मी म्हटलं, लहान बाळाच्या मागे कुत्री येणारच.

त्या दिवशी गावात कुणी कामाला गेलं नाही. नाळ चढते त्या दिवशी कुणी पात्याला हात लावायचा नाही, ते तुला आठवतं का? अकरा वर्षांनी आम्हाला ती सुट्टी मिळाली. म्हातारी माणसं न्हाऊन, रंगीत कपडे घालून, दाराशी बसून होती. काय करायचं ते कुणाला सुचेना. सॉकेच्या बायकोनं कोंबडी शिजवली. मग आम्ही वर गेलो, नॉपेला दोघांनी धरून. नळी मी स्वतः तासली होती, कोवळ्या बांबूची, तोंडाला लाकडाचं बूच. बाप नव्हता म्हणून सॉकेनं बांधली. वेल घट्ट ओढताना त्यानं दोनदा नाक पुसलं. मला वाटलं रडतोय.

तू सांगितलंस म्हणून मी फडकं उघडलं नाही. पण नाळ मोठी आहे गं पोरीची. नळी जरा रुंद घ्यावी लागली.

बैठकीत दलाल आला होता. सॉकेनं त्याला एवढंच सांगितलं, उताराला माणूस आहे. तो म्हणाला, कोण? सॉके म्हणाला, एक महिन्याची बाई आहे, तिला विचारावं लागेल. सगळे हसले. दलाल पिशव्या घेऊन खाली गेला. त्यातली एक फाटकी होती, निळे दाणे वाटभर सांडत गेले. ते मी दुसऱ्या दिवशी वेचून दूर टाकले, कोंबड्यांनी विषारी दाणे खाऊ नयेत म्हणून.

तेव्हापासून मी रोज वर जाते. मुंग्या फार झाल्यात झाडाला. आणि सॉकेचं मांजर, जे कधी अंगण सोडत नाही, ते उंबराखाली बसून वर बघत असतं. पाणी दुसऱ्या खाचेला. पाऊस येईल.

अंगरख्याला लाल दोरा नुसता काठाला घातलाय. आपल्यात मुलीला लग्नापर्यंत पांढराच.

आजी

---

महाचाय, ८ जून

आजी,

हे लिहायला मी तीन वेळा बसले.

डबीत नाळ नव्हती. नवव्या दिवशी मी कामावर गेले, जावंच लागलं. मूपॉला त्या बर्मी बाईंच्या शेजारणीकडे ठेवलं होतं. संध्याकाळी आले तर नाळ गळलेली होती आणि शेजारणीनं केरात टाकली होती. तिला काय माहीत. केराची गाडी येऊन गेली होती. मी गल्लीच्या टोकापर्यंत धावले. गाडी दिसली, पण तशा गाड्या दोन होत्या.

मी दोन दिवस विचार केला. तुझं पत्र समोर होतं. मग दोऱ्यावरून एक माकुळाचा पाय कापला, बोटभर, आणि फडक्यात बांधला. सुकल्यावर तसंच दिसतं, आजी. तू जवळ असतीस तर तुलाही तसंच वाटलं असतं, असं मी मनाला सांगितलं.

मुंग्यांचं वाचलं तेव्हा मी पत्र ठेवून दिलं. मांजराचं वाचून पुन्हा उचललं.

आणखी एक. प्रासित इथे नाही. फेब्रुवारीत मोठ्या मासेमारी बोटीवर गेला, दोन महिन्यांसाठी म्हणाला होता. बोट मार्चात परत आली, तो तिच्यातून वाटेतच दक्षिणेतल्या कुठल्या बंदराला उतरून गेला होता. फोन लागत नाही. तू जावईबापू लिहिलंस आणि मी वाचून पुढच्या ओळीवर गेले.

आता माझ्या पोरीला झाड नाही आणि तुझा उतार एका माशाच्या पायावर राखलेला आहे. गावाला सांगायचं तर सांग. नको सांगू असं म्हणायचा मला हक्क नाही. मी इथे कुणाशी बोलत नाही, त्यामुळे कसं म्हणायचं तेही विसरलेय.

वापॉ

---

मेदूला, ३० जून

माझी वापॉ,

शेजारणीवर रागावू नकोस.

तू म्हणतेस तुलाही तसंच वाटलं असतं. पोरी, मी पाच नाळा हातानं गुंडाळल्यात, त्यांतली एक तुझी. डबी हातात घेतली तेव्हाच कळलं. जत्रेतलं ते काडीवरचं आणलं होतं ना आजोबांनी, तसाच वास. मी फडकं उघडलं नाही ते तू सांगितलंस म्हणून नाही. उघडलं असतं तर मला बघावं लागलं असतं, आणि बघितलं असतं तर सॉकेला सांगावं लागलं असतं. मला वाटलं, एकटीला कळलंय, एकटीनं गिळू.

पण आम्ही वर गेलो तेव्हा वारा खालून होता. उंबराखाली नऊ माणसं उभी, नऊ नाकं. नॉपेला नीट ऐकू येत नाही, वास मात्र मैलावरून येतो. तिनं माझ्याकडे बघितलं. मग सॉकेकडे. मग म्हणाली, बाळ समुद्राकाठी झालंय का? सॉकेची बायको म्हणाली, हो. नॉपे म्हणाली, मग बरोबर. आणि सॉकेनं वेल ओढला. सॉके नाक पुसत होता ते रडत नव्हता, हसू दाबत होता. निदान आधी हसत होता.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दाराशी आला. कोयत्याला धार लावायचा दगड मागायला आला म्हणे. त्याच्याकडे दोन आहेत. मी दगड दिला तरी जाईना. मग म्हणाला, "देमू, आपण त्या पोरीला डोळ्यांनी बघू तेव्हा नळीत खरं काहीतरी घालू. तिच्या मनगटाचा दोरा घालू. तोवर मुंग्यांना सांग, हळू खा."

मी म्हटलं, हे चालतं का?

तो म्हणाला, "न चालायला उरलंय कोण?"

हे हसण्यासारखं आहे, पण तो गेल्यावर मी बराच वेळ चुलीपाशी बसून राहिले. खरंच उरलंय कोण. चूक काढणारं माणूसही असावं लागतं गावात.

तर ऐक. सॉकेला यंदा खोकला सोडत नाही. त्याच्यामागे त्याचा पुतण्या प्रमुख होईल. तो खालच्या गावात राहतो, मका लावतो. माणूस वाईट नाही, पण तो नळी उघडून बघेल. सॉके म्हणतो, भात कापायच्या आधी पोर एकदा आणली, सगळ्यांपुढे तिच्या मनगटाला दोरा बांधला, आणि त्याचाच तुकडा नळीत गेला, की मग ती नळी खरी. मग पुतण्याचं बोट तिला लागणार नाही. मला तू घाबरलेली नकोस, पण खोटंही सांगणार नाही. तू नाही आलीस तर जानेवारीत कुऱ्हाडी येतील, आणि मी काय करणार, झाडाला मिठी मारून बसायला माझे गुडघे वाकत नाहीत.

जावयाचं कळलं. मला फेब्रुवारीतच वाटलं होतं, "बरा आहे, कामात असतो" या चार शब्दांत माणूस मावला म्हणजे घरात नाही. मी मुद्दाम जावईबापू लिहिलं, तुला बोलायचं तर तू बोलशील म्हणून. ते चुकलंच माझं. सरळ विचारायचं होतं.

पाऊस लागलाय. पूर्वेचा ओहोळ लाल भडक, खालच्या भाताच्या खाचरात चिखल भरलाय. आपला झरा चौथ्या खाचेला आहे आणि बांबू तळापर्यंत दिसतो.

आजी

---

महाचाय, २१ जुलै

आजी,

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळची बस. शनिवारी सकाळी घाटाखाली. मास्तरांना सांग.

दोघीच येतोय. किती दिवस ते विचारू नकोस, मला माहीत नाही. त्या समोरच्या बाईंनी मूपॉसाठी टोपी विणून दिलीये आणि काचेवरून हातानं विचारलं, परत येणार? मी हातानंच म्हटलं, बघू.

वापॉ

---

(दाराच्या फटीत अडकवलेली चिठ्ठी)

शनिवार

वापॉ,

दार नुसतं ढकल. पेज चुलीवर आहे, वरून राख काढ. डुक्कर ओरडेल, त्याला घालू नकोस, त्याचं झालंय.

मी घरात थांबणारच होते. पण रात्रीच्या पावसानं रानाच्या वाटेवर दरड आलीये, आणि पोर घेऊन तू घसरशील म्हणून आम्ही सगळे पायऱ्या खणायला वर गेलोय. नॉपेसुद्धा. तिनं पहाटे येऊन मला उठवलं, म्हणाली, आज बाळ येतंय ना. या वेळी बरोबर तेच बाळ.

पाण्याच्या नळाच्या कडेकडेनं चढ. पूर्वीची वाट बदललीये, नळ बदलला नाही. अंगरखा खुंटीला आहे, चढण्याआधी पोरीला घाल. मोठा होईल. मी मुद्दाम मोठा विणलाय.

रानात शिरल्यावर घाई करू नकोस. तुझ्या आजोबांच्या जांभळापाशी जरा थांब. मग डावीकडे तुझा उंबर. रोज संध्याकाळी मी तिथे बसून तुझं सगळं सांगत आलेय. माकूळ, खिडकी, त्या बाई, सगळं, एकही पत्र चुकवलं नाही. काल त्याला सांगून आले की उद्यापासून माझं काम संपलं, आता ती स्वतःच बोलेल.

आजी